वायफाय वारंवार तुटते तेव्हा : कारणाचा शोध आणि फर्मवेअरचा बदल

नळाला पाणी, दिव्याला वीज आणि घरात इंटरनेट, या गोष्टी आता एकाच पंक्तीत येऊन बसल्या आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, महाविद्यालयीन प्रवेशाचा पसंतिक्रम, निकाल, हे सारे आज घरातल्या त्या छोट्या पेटीतून येते-जाते. ती पेटी व्यवस्थित चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती बिघडली की मात्र ऐन वेळी बिघडते, असा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या कन्येचा प्रवेशाचा पसंतिक्रम भरण्याची शेवटची रात्र होती. तासाभरात वायफाय चार वेळा तुटले. प्रत्येक वेळी संकेतस्थळाने तिला बाहेर काढले आणि निम्मा भरलेला क्रम पुसला गेला. अखेर शेजाऱ्यांच्या मोबाईलचे इंटरनेट मागून घेऊन साडेअकराला अर्ज पूर्ण झाला. मुदत बारा वाजेपर्यंतची होती. त्या अर्ध्या तासाच्या फरकावर एका विद्यार्थिनीचे वर्ष अवलंबून होते, ही जाणीव आम्हाला पुढे कित्येक दिवस अस्वस्थ करीत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवा राउटर विकत आणावा, असा पहिला विचार मनात आला. परंतु राउटर जेमतेम चार वर्षांचा होता आणि बिघाड नेमका कशात आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. कारण कळल्याशिवाय वस्तू बदलणे म्हणजे निदानाशिवाय औषध घेणे होय. म्हणून आम्ही आधी शोध घेण्याचे ठरविले. त्या शोधात आम्ही काय शिकलो, आणि शेवटी राउटरचे फर्मवेअर बदलण्यापर्यंत कसे पोहोचलो, हे पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडीत आहोत.

आधी नोंद, मग निदान

‘इंटरनेट गेले’ हे एकच वाक्य आपण अनेक वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरतो. प्रत्यक्षात ही एक साखळी आहे. रस्त्यावरून फायबरची तार घरात येते, ती एका छोट्या उपकरणात संपते, तेथून राउटर, राउटरपासून हवेतून जाणाऱ्या लहरी, आणि शेवटी आपला मोबाईल किंवा लॅपटॉप. यांपैकी कोणतीही कडी निसटली तरी पडद्यावर दिसणारे चित्र सारखेच असते. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की, कडी निसटली ती कोणती?

यासाठी संगणकात ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येते ते पाहायचे, एवढेच तिचे काम. एक हाक घरातल्या राउटरला मारावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरी हाक बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला मारावी. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, असे असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. तेथे घरातले कोणतेही उपाय चालत नाहीत. सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवावी लागते. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरात आहे.

मग तिसरी कसोटी. वायफाय तुटलेले असतानाच लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडावा. तारेवर इंटरनेट चालले, तर राउटर जिवंत आहे आणि केवळ त्याचा बिनतारी भाग आजारी आहे. तारेवरही शांतता असेल आणि राउटरचे दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर तो स्वतःच बंद पडून सुरू होत आहे. अशा वेळी वीजपुरवठ्याचा अडॅप्टर व पेटीची उष्णता यांकडे पाहावे. जुना अडॅप्टर पुरेसा विद्युतप्रवाह देईनासा होतो, आणि त्याचे खापर मात्र राउटरवर फुटते.

या कसोट्या एकदाच करून भागत नाही. आम्ही एका वहीत आठ दिवस नोंदी ठेवल्या. तुटण्याची वेळ, कोणती खोली, कोणते उपकरण, राउटरने उत्तर दिले की नाही, तारेवर चालले की नाही, असे पाच रकाने केले. आठवड्याअखेरीस वहीने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. बहुतेक बिघाड सायंकाळी सात ते अकरा या वेळेतले होते, आणि त्या प्रत्येक वेळी तारेवरचे इंटरनेट सुरळीत होते. म्हणजे दोष बाहेरच्या तारेचा नव्हता, तर राउटरच्या बिनतारी भागाचा अथवा हवेतील गर्दीचा होता.

हवेतील गर्दी

वायफायचा मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात २००५ साली या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याची अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे घरोघरी वायफाय बसविणे शक्य झाले; पण त्याचबरोबर सर्वांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन एकाच अंगणात आले. या पट्ट्यातील चॅनेल एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, आणि प्रत्येक राउटर किमान सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. परिणामी १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न पडता वापरता येतात. शेजारच्या कोणी ३ किंवा ८ निवडला, तर तो दोन्ही बाजूंच्यांना त्रास देतो.

सायंकाळी सारी घरे जागी होतात आणि हे अंगण भरून जाते. आमच्या राउटरची चॅनेल-निवड ‘आपोआप’ वर होती आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली होती. मोबाईलवरील एका मोफत ॲपने परिसरातील चॅनेल पाहिले, तेव्हा १ आणि ६ वर दाटी, ११ वर त्या मानाने मोकळीक दिसली. आम्ही चॅनेल ११ कायम केला आणि रुंदी २० वर आणली. राउटर टीव्हीमागच्या लोखंडी रॅकमधून काढून उंच, उघड्या जागी ठेवला.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा असतो. भिंत ओलांडताना मात्र त्याची शक्ती लवकर क्षीण होते. तेथे आणखी एक बारकावा आहे. ५२ ते १४४ या चॅनेलचा भाग रडारही वापरतात. राउटरला तेथे रडारची चाहूल लागली, किंवा लागल्याचा भास झाला, तरी त्या नियमांनुसार चालणारा राउटर ताबडतोब तो चॅनेल सोडतो. वापरणाऱ्याला ते अकारण तुटणेच वाटते. असा संशय आला तर ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल निवडून पाहावा.

एवढ्या साध्या उपायांनी आमचे तुटण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. बहुतेक घरांत शोध येथेच संपेल, आणि संपावा. आमचा संपला नाही. आतल्या खोलीतील दोन मोबाईल रोज रात्री अजूनही तुटत होते, आणि कोणी छायाचित्रे वर चढवू लागले की कन्येचा ऑनलाइन वर्ग गोठत होता.

पेटीच्या आतील आज्ञा

राउटर हा एक छोटा संगणकच आहे. त्याला प्रोसेसर आहे, स्मृती आहे, आणि त्याने काय करावे हे सांगणारी आज्ञावली आहे. उपकरणातच कायम वसलेल्या त्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. आमच्या राउटरचे निर्मात्याने दिलेले शेवटचे फर्मवेअर तीन वर्षांपूर्वीचे होते. त्यातील चुका दुरुस्त करणारे कोणी उरले नव्हते. यंत्र धडधाकट, पण त्याला मिळणाऱ्या आज्ञा शिळ्या, अशी ती अवस्था होती. अशा राउटरला दुसऱ्यांनी लिहिलेले फर्मवेअर देता येते, ही सोय कोठून आली हे जाणून घेणे उद्बोधक आहे.

२००२ च्या अखेरीस अमेरिकेत लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आला. पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. २००३ च्या जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांच्या ध्यानात आले की, या राउटरच्या आत लिनक्स चालते आहे. लिनक्स जीपीएल या परवान्याखाली दिले जाते. त्याची अट अशी की, ही आज्ञावली वापरून वस्तू विकणाऱ्याने तिचा मूळ स्रोत घेणाऱ्याला उपलब्ध करून दिला पाहिजे, जेणेकरून त्याला ती वाचता, सुधारता आणि पुन्हा वाटता येईल. कंपनीने तो स्रोत दिलेला नव्हता. मागणी झाली, पाठपुरावा झाला, आणि त्याच वर्षी तो प्रसिद्ध करण्यात आला.

त्या स्रोतातून २००४ च्या आरंभी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातील डब्ल्यूआरटी ही त्या मूळ राउटरचीच आठवण आहे. आज तो शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो, आणि जगभरातील स्वयंसेवक तो राखतात. २०१६ साली कार्यपद्धतीवरून त्यांच्यात फूट पडून वेगळा गट निघाला, आणि २०१८ च्या आरंभी दोन्ही गट पुन्हा एक झाले. २०२४ च्या अखेरीस याच समुदायाने स्वतः आखलेला राउटरही बाजारात आणला. परवान्यातील एक अट लोकांनी लक्षपूर्वक वाचली आणि तिच्या पालनाचा आग्रह धरला, म्हणून हे घडले. लेखी हक्क कागदावर असणे आणि तो मागितला जाणे यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असतेच.

बदलण्यापूर्वी काय तपासावे

प्रथम निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच राउटरसाठी नवे फर्मवेअर आहे का, ते पाहावे. असल्यास तेच घालावे आणि पुन्हा आठवडाभर नोंद ठेवावी. पुष्कळदा तेवढेच पुरते.

तेही नसेल, तर राउटर उलटा करून तळाची चिकटपट्टी वाचावी. तेथे मॉडेलच्या नावाबरोबर हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. ही आवृत्ती फार महत्त्वाची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्यांच्या आत वेगळी चिप असू शकते. वर सांगितलेल्या डब्ल्यूआरटी५४जीचेच उदाहरण घ्या. २००५ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत स्मृती कमी करण्यात आली आणि लिनक्सच्या जागी दुसरी प्रणाली बसविण्यात आली. नाव मात्र तेच राहिले. चुकीच्या आवृत्तीचे फर्मवेअर घातले, तर राउटर निपचित पडण्याची भीती असते.

ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या उपकरणांची यादी आहे. आपले मॉडेल आणि आपली आवृत्ती त्यात तंतोतंत असेल तरच पुढे जावे. ४ मेगाबाइट साठवण आणि ३२ मेगाबाइट स्मृती असलेले जुने राउटर आता त्याच्या नव्या आवृत्त्यांना पेलत नाहीत. ब्रॉडकॉम चिप असलेल्या अनेक राउटरांत बिनतारी भागासाठी मुक्त आज्ञावली पुरेशी उपलब्ध नाही. तेथे हा मार्ग निरुपयोगी ठरतो.

फायबर कंपनीने बसविलेली पेटी सहसा कंपनीच्या मालकीची असते. तिच्या फर्मवेअरला हात लावू नये. तिच्यामागे आपला स्वतःचा राउटर जोडावा आणि प्रयोग त्याच्यावर करावा. नवे फर्मवेअर घातल्यास निर्मात्याची हमी संपुष्टात येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष कृती

१. जुन्या राउटरमधील सर्व मांडणी वहीत उतरून घ्यावी. विशेषतः जोडणीचा प्रकार, कंपनीने दिलेले वापरनाव व पासवर्ड, आणि असल्यास व्हीलॅनचा क्रमांक. ही माहिती नसेल तर नवे फर्मवेअर घालूनही इंटरनेट सुरू होणार नाही.

२. लागणाऱ्या सर्व फाइली आधीच उतरवून ठेवाव्यात. पहिल्यांदा बदलताना बहुधा ‘फॅक्टरी’ नावाची फाइल लागते. पुढील सुधारणांसाठी ‘सिसअपग्रेड’ नावाची. आपल्या मॉडेलच्या पानावर जे सांगितले असेल तेच प्रमाण मानावे. काही बिघडल्यास मूळ स्थितीत परतण्याची रीतही त्याच पानावरून आधी वाचून ठेवावी.

३. उतरवलेली फाइल अखंड आहे याची खात्री करावी. संकेतस्थळावर प्रत्येक फाइलसोबत एक लांब सांकेतिक संख्या दिलेली असते. आपल्या फाइलवरून तीच संख्या संगणकाने काढली, तर प्रत निर्दोष आहे असे समजावे.

४. लॅपटॉप तारेने जोडावा. हे काम वायफायवरून करू नये. वीज जाण्याची वेळ टाळावी, अथवा राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर अर्धवट आज्ञांचा राउटर उठत नाही.

५. राउटरच्या जुन्या पानावरील फर्मवेअर-सुधारणेच्या जागी ती फाइल द्यावी आणि शांतपणे थांबावे. पाच मिनिटे मोठी वाटतात. तरीही कोणतेही बटन दाबू नये.

६. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर नवे पान उघडते. सुरुवातीला त्याला पासवर्ड नसतो. तो सर्वप्रथम घालावा. बहुतेक उपकरणांत वायफायही बंद असते. पुष्कळजण येथे घाबरतात. ते मुद्दाम तसे ठेवलेले असते, कारण पासवर्ड नसलेले वायफाय उघडे ठेवणे धोक्याचे आहे. ते आपण सुरू करावे, देश म्हणून भारत निवडावा, चॅनेल व रुंदी ठरवावी आणि मजबूत पासवर्ड द्यावा.

बदलानंतर

आमच्या घरी कामाला दीड तास लागला. त्या रात्री वायफाय एकदाही तुटले नाही आणि आम्ही समाधानाने झोपलो. तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीतील एक मोबाईल पुन्हा तुटला. वही बंद केली नव्हती, हे बरे झाले.

या वेळी मात्र एक फरक होता. नव्या फर्मवेअरमध्ये राउटरची दैनंदिनी स्पष्ट वाचता येते, आणि तुटण्याचे कारण तिने स्वतःच सांगितले. राउटर मोबाईलला प्रत्येक पाकीट पाठविल्यावर पोच मागतो. दूरच्या खोलीत, मोबाईल बॅटरी वाचविण्यासाठी डुलकी घेत असताना, अनेक पोचपावत्या हुकतात. मग राउटर तो मोबाईल निघून गेला असे समजून त्याची जोडणी तोडतो. हे वर्तन चालू-बंद करण्याची खूण वायफायच्या प्रगत मांडणीत होती. ती आम्ही बंद केली. जुन्या फर्मवेअरमध्ये हीच गोष्ट घडत होती का, हे कळायला मार्ग नव्हता, कारण तेथे ना दैनंदिनी वाचता येत होती, ना अशी खूण होती.

ऑनलाइन वर्ग गोठण्याचे कारण वेगळे निघाले. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना स्वतःच्या घरी हाच अनुभव आला होता. मोठी फाइल पाठवू लागले की बाकी सारे इंटरनेट खोळंबे. उपकरणांतील प्रतीक्षेच्या रांगा गरजेपेक्षा फार मोठ्या ठेवल्याने हे घडते, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. शिधावाटप दुकानात एकाने शंभर पोती मोजायला लावली, तर मागे एक किलो साखरेसाठी उभी असलेली व्यक्ती ताटकळते, तसेच हे. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आखूड ठेवण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी तिला प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देण्याची जोड मिळून ती लिनक्समध्ये आली. डेव्ह टॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनडब्ल्यूआरटीच्याच आधारे ती घरगुती राउटरांवर पारखून घेतली. आम्ही ‘एसक्यूएम’ नावाचा तो भाग बसविला आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या सुमारे नव्वद टक्के मर्यादा घातली. थोडा वेग गेला, पण छायाचित्रे चढत असताना वर्ग चालू राहू लागला.

पुढील महिनाभर वहीत दोनच नोंदी झाल्या, आणि दोन्ही बाहेरच्या तारेच्या होत्या.

फर्मवेअर सर्व काही करू शकत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या घराच्या मागच्या बाजूची जुनी भिंत दगडी आहे. तिच्यापलीकडे लहरी पोहोचत नाहीत आणि कोणतीही आज्ञावली त्या पोहोचवू शकत नाही. तेथे आम्ही तार ओढून दुसरा छोटा राउटर बसविला. शिवाय एकदा फर्मवेअर बदलले की काम संपले असे नाही. २०१७ मध्ये वायफायच्या सुरक्षाप्रणालीतच ‘क्रॅक’ नावाची मोठी त्रुटी उघडकीस आली. तिची दुरुस्ती नव्या आवृत्त्यांतून आली. ज्यांनी आवृत्ती बदलली नाही, त्यांच्याकडे ती त्रुटी तशीच राहिली. वर्षातून दोनदा तरी नवी आवृत्ती पाहून घालावी.

आमचा राउटर तोच आहे, कंपनी तीच आहे, महिन्याचे बिलही तेच आहे. या वर्षी शेजारच्या मुलाचा प्रवेशअर्ज आमच्याच घरून भरला गेला, तो मुदतीच्या दोन दिवस आधी आणि एकाच बैठकीत.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा एक सायंकाळ आपल्या आईवडिलांच्या किंवा शेजारच्या शिकणाऱ्या मुलांच्या घरातील राउटरसाठी राखून ठेवा. मात्र पेटी उघडण्याआधी त्यांच्या हातात पाच रकान्यांची वही द्या, आणि पुढचे आठ दिवस त्यांनाच त्या नोंदी करू द्या.